भविष्याचा बाक

काका रोज सकाळी शाळेत निघण्याआधी एक खडू मोडायचे. बूट घालून झाले की दारापाशी उभं राहून डब्यातून नवा खडू काढायचा, मधोमध मोडायचा, एक तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि दुसरा परत डब्यात. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेत खडू मिळत नव्हते असं नाही, पण ते शिपायाच्या ताब्यात असायचे आणि कुणी खडू मोडला की शिपायाचा चेहरा पडायचा. म्हणून हे काम घरी. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला आतून पांढरा डाग होता. काकू म्हणायची, यांचा सदरा जोरात झटकला तर एक धडा खाली पडेल.

मी त्यांची पुतणी. एम.ए.साठी त्यांच्या शहरात आले आणि त्यांच्याकडेच राहिले. घर दोन खोल्यांचं, आणि काचा लावून बंद केलेली एक गॅलरी. त्या गॅलरीत माझी खाट होती आणि खाटेच्या पायथ्याशी काकांचे गुंडाळलेले नकाशे उभे असायचे. रात्री कूस बदलली की एखादं खंड अंगावर यायचं. काकू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला होती. दिवसभर लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून 'आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं' असं विचारायची. घरी आली की हेच ती काकांनाही विचारायची, पण चष्म्याबद्दल नव्हे.

काका इतिहास शिकवायचे. शाळेत त्यांना 'अजूनसर' म्हणत. त्यांच्यासमोर म्हणत नसत, पण त्यांना ठाऊक होतं, आणि हे नाव कसं पडलं तेही ठाऊक होतं. 'अजून कळलेलं नाही' हे त्यांचं वर्गातलं आवडतं वाक्य होतं.

हे वाक्य यायचं ते प्रश्नांच्या तासाला. आठवड्याच्या शेवटच्या दिवसाचा शेवटचा तास, जेव्हा मुलांचं निम्मं शरीर आधीच घरी पोचलेलं असतं. त्या तासाला पुस्तकं दप्तरात आणि दप्तरं बाकाखाली. कुणीही उठून जगातल्या कुठल्याही मोठ्या दिवसाबद्दल काहीही विचारायचं आणि काका उत्तर द्यायचे. नियम एकच होता. प्रश्न विचारला गेला की सगळा वर्ग त्या दिवसात जाऊन बसला असं धरायचं. त्या दिवशी तिथल्या माणसांना जेवढं माहीत होतं, तेवढंच आपल्याला माहीत. नंतरचं कुणी काही बोललं की काका खडूच्या तुकड्याने खिडकीजवळचा शेवटचा बाक दाखवायचे.

"भविष्यात जाऊन बस."

त्या बाकाचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असायची, ती सारखी निसटायची आणि बाक डुगडुगायचा. दुपारी त्याच्यावर थेट ऊन यायचं. एरवी तिथे कुणी बसत नसे.

एकदा एका मुलाने विचारलं, ते मोठं जहाज हिमनगाला घासलं तेव्हा लोक लगेच होड्यांकडे का धावले नाहीत. हा मुलगा शाळेच्या संघाचा गोलकीपर होता आणि सगळे त्याला तसंच हाक मारत. काकांनी सांगितलं की डेकवर बर्फाचे तुकडे पडले होते आणि काही प्रवासी ते पायाने इकडून तिकडे उडवत खेळत होते. बाहेर कडाक्याची थंडी होती. आत दिवे होते, गाद्या होत्या. तू काय केलं असतंस, असं त्यांनी त्यालाच विचारलं. गोलकीपर बराच विचार करून म्हणाला, झोपलो असतो. बस, म्हणाले. तो बसला. मग मधल्या रांगेतली एक मुलगी न राहवून म्हणाली, "पण सर, जहाज बुडणार आहे."

ती भविष्यात गेली. ती जवळजवळ दर आठवड्याला जायची. तिच्या पोटात काही म्हणता काही राहायचं नाही. मुलं तिला 'पुढची' म्हणत आणि तासाच्या सुरुवातीलाच बाकाखालचा पुठ्ठा नीट करून ठेवत, तिची सोय म्हणून.

दुसऱ्या एका तासाला प्रश्न आला, शहराच्या मधोमध भिंत घातली तेव्हा लोक काय करत होते. बहुतेक झोपले होते, काका म्हणाले, रविवार उजाडत होता. आणि सुरुवातीला भिंत नव्हती, काटेरी तार होती. तार दिसली की माणसाला वाटतं, काहीतरी दुरुस्ती चालली असेल. चंद्रावर दोघं उतरले तेव्हा वरच्या यानात राहिलेला तिसरा काय करत होता, या प्रश्नाला त्यांनी अख्खा तास दिला. उतरलेल्या दोघांचा उल्लेख त्यात ओझरताच आला. तो मोठा तुरुंग लोकांनी फोडला त्या दिवशी आत फक्त सात कैदी होते, आणि राजाने त्या दिवशी डायरीत 'काही नाही' असं लिहिलं, हे ऐकून वर्ग हसला. काका थांबले. ती शिकारीची नोंद होती, म्हणाले, त्या दिवशी शिकार मिळाली नव्हती. यात हसण्यासारखं काय आहे?

मी एकदा संध्याकाळी त्यांना विचारलं होतं की हा नियम कशासाठी. ते नकाशाची फाटलेली कड चिकटवत होते. म्हणाले, नंतरचं कळलं की आधीची माणसं मूर्ख दिसायला लागतात. मूर्खांबद्दल मुलं प्रश्न विचारत नाहीत, त्यांना हसतात.

"आणि परीक्षेत?" काकूने आतून विचारलं.

परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं, ते मुलांना माहीत आहे, असं काका म्हणाले. हे त्यांनी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतं, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

त्या वर्षी शाळा सोडतानाच्या परीक्षेचा नियम बदलला. पेपर बाहेरून येणार आणि तपासायलाही बाहेर जाणार. इतिहासाच्या पेपरात सर्वांत मोठा प्रश्न असा होता: 'उन्हाळ्यातल्या एका रविवारी एका राजपुत्राची भर रस्त्यात हत्या झाली. ह्या घटनेचे परिणाम सविस्तर लिहा.' साल दिलं होतं, शहर दिलं होतं. पेपर काढणाऱ्याने जरा रंगवून लिहिलं, एवढाच त्याचा गुन्हा. पण वर्गाने 'रविवार' वाचला, 'भर रस्त्यात' वाचलं आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं. पेपर सरांनीच काढलाय. हा सापळा आहे. जो पुढचं लिहील तो गेला.

तेव्हा सगळ्या वर्गाने, वेगवेगळ्या अक्षरांत, जवळजवळ एकच उत्तर लिहिलं. परिणाम अजून कळलेले नाहीत. हवा चांगली आहे. लोक फिरायला बाहेर पडले आहेत. राजपुत्र विशेष कुणाला आवडत नव्हता. हुशार मुलांनी यात भर घालून मोटारीच्या ड्रायव्हरने कुठे चुकीचं वळण घेतलं तेही लिहिलं. मेकॅनिकची मुलगी वर्गात पहिल्या तिघांत असायची. तिने समारोपाचा परिच्छेद लिहिला: दोन-तीन आठवड्यांत हे प्रकरण मिटेल असं बहुतेकांना वाटतं.

बाहेरच्या परीक्षकाने लाल शाईने भोपळे दिले. एका उत्तराखाली शेरा होता, 'विद्यार्थी या रविवारच्या पुढे गेलेला दिसत नाही.' त्या एका प्रश्नाला इतके गुण होते की सबंध वर्ग इतिहासात नापास झाला. पास झाले दोघंच. एक मुलगा, ज्याला वर्षभर काविळीने घरी ठेवलं होतं आणि ज्याने नुसतं गाइड वाचून परीक्षा दिली. आणि पुढची. तिने महायुद्ध लिहिलं, तह लिहिला, दुसरं महायुद्ध लिहिलं, वर एक पुरवणी घेतली. वर्गात मागच्या बाकावर धाडलं तरी तिला काही वाटायचं नाही, मग पेपरात काय वाटणार.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी काकांना बोलावलं. पुढे काय झालं ते काकांनी जेवताना सांगितलं, नेहमीसारखं, कुणा तिसऱ्याचीच हकिकत सांगावी तसं.

"सर, तुमच्या मुलांना महायुद्ध झालं हेच माहीत नाही."

"माहीत आहे, बाई. त्यांनी सांगितलं नाही."

"का?"

"मी सांगू देत नाही."

मोठ्या बाई आधी भूगोल शिकवायच्या. डोंगर जिथे आहे तिथे असतो आणि तो लपवण्यात काही अर्थ नसतो, असा त्यांचा स्वभाव होता. त्या ओरडल्या नाहीत. सुट्टीनंतर फेरपरीक्षा आहे, एवढं म्हणाल्या. त्यात ही मुलं पास झाली नाहीत तर सगळ्यांचं वर्ष जाईल. कुणाची पुढच्या शिक्षणाची जागा धरलेली आहे, कुणाला कामावर लागायचं आहे. फेरपरीक्षेची तयारी तुम्हीच करून घ्या, दुसरं कुणी मोकळं नाही. पण प्रश्नांचा तास यापुढे नाही. तो संगणकाच्या सरावाला जाईल. तुम्हाला हे मान्य नसेल तर मी तयारीसाठी बाहेरून माणूस आणते आणि तुमच्याबद्दल वर कळवते.

"मग तुम्ही काय म्हणालात?" काकूने विचारलं.

"विचार करतो म्हणालो."

"त्यात विचार काय करायचा?"

काका पाणी पिऊन उठले. तो तास त्यांनी नोकरीला लागल्या वर्षी मागून घेतला होता. त्याच्यासाठी त्यांनी बढती नाकारली होती, कारण बढती मिळाली की शेवटचा तास हजेरीपत्रकांत जातो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिक घरी आला. त्याच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, ती पास होण्याच्या अटीवर. तो दारातच उभा राहिला. हात धुऊन आला होता, पण नखांत ऑइल होतं आणि त्यामुळे त्याला खुर्चीच्या हातावर हात ठेवायचा संकोच वाटत होता. काकूने चहा दिला. तो भांडायच्या तयारीने आला होता हे दिसत होतं. बोलायचं ठरवून आलेल्या माणसासारखा तो मधेमधे छताकडे बघत होता. मुलगी हुशार आहे, म्हणाला. पण तुमच्या वर्गात गेल्यापासून घरी काही विचारलं की 'अजून कळलेलं नाही' म्हणते. आई किती वाजता येणार विचारलं तरी तेच. आधी आम्हाला गंमत वाटायची.

काका ऐकत होते.

"सर, मी गाडी परत देताना गिऱ्हाइकाला सांगतो की ब्रेक बदललेत. ब्रेक बदलायच्या आधी गाडीला कसं वाटत होतं, ते सांगत नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

मेकॅनिक याच्यापुढची वाक्यंसुद्धा ठरवून आला होता. ती त्याला लागलीच नाहीत. त्याने चहा संपवला आणि कप स्वतः आत नेऊन ठेवला.

सकाळी काका खडू मोडून गेले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, तो तास काढून घ्या.

तयारी सुट्टीतच सुरू झाली. रिकाम्या शाळेत एक वर्ग उघडा, बाकी सगळ्यांना कुलपं. घरी रोज जेवताना काकू प्रगती विचारायची. पहिल्या दिवशी काका म्हणाले, राजपुत्र स्टेशनवर उतरला. दुसऱ्या दिवशी मोटारी निघाल्या. तिसऱ्या दिवशी ते रविवारच्या दुपारपर्यंत पोचले होते.

"परीक्षेपर्यंत संध्याकाळ तरी होऊ द्या," काकू म्हणाली.

त्यांना जमत नव्हतं. मुद्दाम करत नव्हते, मी घरी त्यांच्याकडे बघत होते म्हणून सांगते. फळ्यावर 'परिणाम' लिहायचे, खाली रेघ ओढायचे आणि खडू तिथेच थांबायचा. इतकी वर्षं त्या रविवारी उभं राहून त्यांची मान पुढे वळेनाशी झाली होती. ड्रायव्हर गोंधळलाय, मोटार मागे घ्यायला थांबलीय, फुटपाथवर माणसं उभी आहेत. या सगळ्यांना तसंच टाकून 'परिणाम, एक' असं म्हणणं त्यांना असभ्य वाटायचं. हा शब्द त्यांचा. मुलंही कठीण झाली होती. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं, गाइडं त्यांच्या दप्तरात होती. पण सरांसमोर ते बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती. एकदा गोलकीपर 'युद्ध' म्हणाला आणि आपण होऊन उठून मागे जाऊन बसला.

काकू दुकानातली उदाहरणं द्यायची. काहींना जवळचं स्पष्ट दिसतं, लांबचं नाही. त्यात लाज कसली? लांबच्यासाठी वेगळा नंबर लागतो.

"बायफोकल असतात," काका म्हणाले.

"असतात. ते लावून लोक जिन्यावरून पडतात."

काकांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, ती पुढची कुठे राहते, तुझ्या दुकानात आली होती ना एकदा? काकूला पत्ता माहीत नव्हता पण नंबर माहीत होता. दोन्ही डोळ्यांना सारखा.

पुढची पास झालेली होती. तिला सुट्टीत शाळेत यायचं काही कारण नव्हतं. काका तिच्या घरी गेले आणि तिला विचारलं, तू शिकवशील का. तिच्या आईला वाटलं, पास झालेली मुलगीही कशात तरी नापास निघाली. समजूत घालायला वेळ लागला. पुढचीने एकच विचारलं: मधे थांबवायचं नाही ना, सर? नाही, म्हणाले.

त्या आठवड्यात काकांचा चष्मा दुकानात होता, दांडी सैल झाली म्हणून. ते जुना लावून गेले होते. दांडी बसवून झाल्यावर काकूने तो मला पोचवायला सांगितला. माझं कॉलेज त्याच वाटेवर होतं. शाळेचं मैदान रिकामं होतं, कोरड्या पाण्याच्या टाकीपाशी एक कुत्रा झोपलेला होता. लांब ओसरीच्या टोकाला एकच दार उघडं होतं आणि आतून एका मुलीचा भरभर बोलण्याचा आवाज येत होता. मी दाराशी थांबले.

फळ्यापाशी पुढची उभी होती, हातात खडूचा तुकडा. तिने 'परिणाम' लिहून खाली रेघ ओढली होती आणि ती रेघेच्या खाली बरीच पुढे गेली होती. महिनाभर तारा जातात येतात. सैन्यं निघतात. आगगाड्या भरतात. खंदक. वायू. मोडलेली चार साम्राज्यं, तह, दंड, उपाशी शहरं, पुन्हा सैन्यं. ती थांबत नव्हती. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं. वर्ग लिहून घेत होता. कुणी मान वर करत नव्हतं.

काका मागच्या बाकावर बसले होते, खिडकीजवळ. ऊन त्यांच्या खांद्यावर होतं. गुडघे बाकात मावत नव्हते, म्हणून ते तिरके बसले होते आणि हलले की बाक डुगडुगत होता. मग त्यांनी हात वर केला.

पुढची गडबडली. "विचारा ना," ती म्हणाली.

काका उभे राहिले, मुलांनी उभं राहावं तसे, हात बाजूला सोडून.

"त्या रविवारी जी माणसं फिरायला गेली होती, त्यांचं पुढे काय झालं?"

सगळा वर्ग मागे वळला. ही माणसं त्यांच्या ओळखीची होती. वर्षभर वर्गाने त्यांना बागेत फिरवलं होतं, त्यांच्या टोप्या, त्यांची मुलं, त्यांच्या हातातल्या छत्र्या असं सगळं विचारून घेतलं होतं. एवढं सगळं भडाभडा सांगणारी मुलगी आता शब्द शोधत होती. म्हणाली, त्यांच्यातले तरुण होते ते पहिल्याच वर्षी गेले, बरेचसे. जे राहिले त्यांना नंतर ब्रेडसाठी रांगेत उभं राहावं लागलं. काहींचा देशच नकाशावरून पुसला गेला. काहींना काही झालं नाही. काहींना दुसऱ्या युद्धात झालं.

मेकॅनिकच्या मुलीने पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने तिने ते उचललं आणि तेही लिहून घेतलं.

"आणि तो ड्रायव्हर?" काकांनी विचारलं.

"ते पुस्तकात नाही, सर."

काकांनी मान हलवली आणि खाली बसले. मी चष्मा शेवटच्या बाकावर ठेवून आले. त्यांनी तो लावला आणि जुना खिशात टाकला, खडूजवळ. फळ्यावरचं बहुधा त्यांना आता स्पष्ट दिसू लागलं असावं, कारण त्यांनी पुन्हा हात वर केला. एका सालाचा आकडा चुकला होता.

फेरपरीक्षेत मोठा प्रश्न वाफेच्या इंजिनाच्या परिणामांवर आला. वर्ग तुटून पडला. गोलकीपरने कोळसा, कारखाने, रेल्वे, शहरांतली घाण पाणीपुरवठ्यासकट, हवेतला धूर आणि त्यामुळे पुढल्या शतकात ध्रुवावर काय होईल इथपर्यंत लिहिलं. परीक्षकाने लाल शाईत लिहिलं, 'इतके परिणाम अपेक्षित नव्हते,' आणि पैकीच्या पैकी गुण दिले. सगळे पास झाले. मेकॅनिकची मुलगी नर्सिंगला गेली. मेकॅनिक पुन्हा घरी आला आणि तुमच्या गाडीचं काही काम असेल तर सांगा म्हणाला. काकांकडे गाडी नव्हती. त्याने जाता जाता आमच्या दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेल घातलं.

मोठ्या बाईंनी शब्द पाळला. नवीन वर्षात शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासाला मुलं रांगेने संगणकाच्या खोलीत जाऊ लागली. काकांना त्या तासाला सुट्टी होती. त्यांनी लवकर घरी यायला हवं होतं. ते उलट उशिरा यायला लागले.

झालं असं की नव्या वर्गाने प्रश्नांच्या तासाबद्दल ऐकलं होतं. आधीच्या वर्गाने त्यांना तिखटमीठ लावून सगळं सांगितलं होतं. एक-दोघं शाळेबाहेरच्या बसथांब्यावर काकांना गाठू लागली. मग चार-पाच. पत्र्याचं छप्पर, तिघांपुरती बसायची पट्टी, मागे बंद पडलेलं सायकलचं दुकान. तिथे मुलं विचारायची आणि काका उभ्या उभ्या उत्तर द्यायचे. बस यायची, जायची. इथे मागचा बाक नव्हता, त्यामुळे कुणाला कुठे पाठवता येत नव्हतं. पुढे काय झालं असं कुणी विचारलं की काका थोडे थांबायचे आणि सांगायचे. पूर्वी हे बसने घरी यायचे, आता प्रश्नाने येतात, असं काकू शेजारणीला म्हणाली. तिने जेवायची वेळ पुढे ढकलली. मोठ्या बाईही कधी कधी त्याच थांब्यावर उभ्या असायच्या. त्या दुसऱ्या टोकाला पर्समध्ये काहीतरी शोधत राहायच्या. आपली बस आली तरी ते शोधणं संपायचं नाही, असं मुलं सांगायची.

दोन वर्षं असं चाललं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना, एका साध्या दुपारी, काका त्या पट्टीवर बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं, वेदना झाल्या नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. काकूने त्यांना, कशावरून, असं विचारलं. ती महिन्याभराने दुकानात परत जायला लागली.

तिथेच एक मुलगी आली. खालच्या वर्गातली, लहानखुरी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तिच्या वडिलांनी आणलेली. काकूने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, एक डोळा झाकला, समोर अक्षरं लावली. मुलीने वरच्या तीन ओळी वाचल्या आणि मग म्हणाली, मी त्या दिवशी सरांबरोबर होते. काकूने दिवा लावला नाही. मुलगी एक डोळा झाकूनच बोलत राहिली.

तिने सरांना विचारलं होतं की छापखाना आल्यावर हाताने पुस्तकं उतरवणाऱ्या माणसांचं काय झालं. सर म्हणाले, आधी त्यांची सकाळ बघू. उजेड यायच्या आत ते उठायचे, कारण काम उजेडाचंच. पिसाची लेखणी तासायची, शाई गोठली असेल तर काखेत धरून ऊब द्यायची. एका माणसाने पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय की आज फार थंडी आहे. मग सर जरा बसले. एरवी ते बसत नसत. तिने विचारलं, मग पुढे? सर सांगणार होते, पण तेवढ्यात त्यांची बस आली, माणसांनी दारापर्यंत भरलेली. ती म्हणाली, सर, तुमची बस. बस थांबली होती, कंडक्टर त्यांना ओळखत होता आणि वाट बघत होता. सरांनी त्याला हात केला, जा म्हणून, आणि तिला म्हणाले:

"जाऊ दे. मागची रिकामी असते."